बेचाळिसावं पाऊल

वाख कमरेला गुंडाळायचा तर आधी कंबर असावी लागते. सुनेची कंबर दोन महिन्यांमागे गेली ती गेलीच. आता वाखाचं वेटोळं पोटाच्या वर बांधलं तर जळजळ घशाशी यायची, आणि खाली बांधलं तर दर दहा पावलांना लघवीला लागायचं. दोन्ही करून पाहिल्यावर तिने ते वरच बांधायचं ठरवलं. जळजळ निदान गिळता येते.

घर दोरवाल्यांचं. पाठीमागे शंभर पावलांची सरळ झाडलेली वाट, आणि तिच्या एका टोकाला लाकडी चाक. चाकाशी पाटावर बसायचा नवरा. चाकाच्या आकड्यात वाखाचं, म्हणजे घायपाताच्या तंतूंचं, टोक अडकवायचं, आणि कमरेच्या वेटोळ्यातून बोटांनी तंतू सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जायचं, हे काम सुनेचं. तो फिरवणार, ती सरकणार, मध्ये पिळाचा जाड पेड तयार होणार. असे तीन पेड एकत्र वळले की झाला दोर. मागचं दिसत नाही म्हणून ती पावलं मोजायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "मोजत जा गं बाई, नाहीतर उकिरड्यात जाऊन बसशील."

सासूचे गुडघे तेव्हाच गेले होते. सुनेची बोटं बघून ती हरखली. पेड कुठे केसभर जाड झाला, कुठे बारीक झाला, हे पोरीच्या बोटांना न बघता कळायचं. सासूने तिचं नावच मोजपट्टी ठेवलं. आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "आमची मोजपट्टी आहे, काळजी नको."

नवऱ्याला चाक फिरवण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण ते त्याला फार चांगलं येत होतं. बसल्या बसल्या तो गावभरच्या गोष्टी सांगे आणि हात थांबू देत नसे.

या वर्षी विहिरी लवकर खाली गेल्या. पाण्यासाठी ज्याला त्याला विहीर खोल करून हवी होती, म्हणून विहिरी खणणाऱ्याला दम खायला सवड नव्हती. तो स्वतः आत उतरायचा, महिन्यातले वीस दिवस जमिनीखाली असायचा. लोक त्याला पाताळदादा म्हणत. आडवा गडी, हसला की पोट आधी हसायचं.

"जुना दोर झिजला," तो अंगणात येऊन म्हणाला. "सहा दिवसांत नवा पाहिजे. सातव्या दिवशी मी उतरणार."

"सहा म्हणजे घाई होते, दादा," नवरा म्हणाला.

"होते तर होऊ दे. दुसरीकडचा दोर घेतला तर मला आत झोप येत नाही." तो सुनेकडे वळला. "माझा जीव तुझ्या बोटांत आहे, मोजपट्टी. बाकी, गोड बातमी कळली हं. मजा आहे!"

ती हसली. हसणं भागच होतं. मग घराआड जाऊन भिंतीला हात टेकून ओकली.

तिसऱ्या महिन्यात थांबेल, असं सगळे म्हणाले होते. सहावा लागला तरी थांबलं नव्हतं. वाखासाठी घायपाताची पानं डबक्यात कुजवतात, तो कुजका वास कितीही धुतला तरी तंतूंत राहतो. आधी तिला तो वास कळतही नव्हता. आता सकाळी दार उघडलं की तो आधी हजर. भरीला पाय सुजले, तोंड सुजलं, आणि हातांना मुंग्या येऊ लागल्या. अंगठा आणि दोन बोटं तर परक्या माणसाची असावीत तशी झाली. परवा गरम भांडं उचललं, तर फोड आल्यावर कळलं. तेव्हापासून अंघोळीचं पाणी किती तापलं ते ती ओठ टेकवून बघायची.

नर्सबाईंना तिने सगळं सांगितलं. त्यांनी दंडाला पट्टा लावून दाब बघितला, पोटाचे ठोके ऐकले, सगळं ठीक म्हणाल्या. हातांचं विचारलं तर म्हणाल्या, "अंगात पाणी धरलंय. होतं असं या दिवसांत. मोकळी झालीस की जाईल."

हेच शेजारची शिंपीण म्हणाली, हेच तिची स्वतःची आई म्हणाली. शिंपीणकाकू तर कुंपणावरून रोज डोकवायची. "चेहरा हसरा ठेव गं. तू रडकी राहिलीस तर पोर रडकं होतं. मी तर नऊ महिने नुसती उडत होते."

"काकू, तुम्ही उडत होता, मी बुडतेय," सून एकदा बोलून गेली. काकूला तो विनोद वाटला. ती खो खो हसली आणि दिवसभर चार जणींना सांगत सुटली.

तिला हे दिवस आवडत नव्हते. गोष्ट इतकीच होती, पण ती ठेवायला घरात जागा नव्हती. मूल नको होतं असं नाही. मूल हवंच होतं, दोघांनी वाट बघितली होती. पोट नको होतं. आपलं अंग आपल्याला न विचारता कोणी वापरायला घेतलंय, आणि वर सगळे आपल्यालाच शाबासकी देतायत, याचा तिला राग यायचा. राग आला की मग भीती वाटायची, की अशी कसली मी आई.

एकदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझी बोटं बधिर झालीत. पेड कळत नाही मला."

"तुला नाही कळत तर कोणाला कळणार?" तो लाडाने म्हणाला. "उगाच मनाला लावून घेतेस. होतं असं या दिवसांत." आणि चाकाची मूठ धरली.

पहिला पेड कसाबसा नीट गेला. ती डोळ्यांनी बघून तंतू सोडत होती, एरवीच्या दुप्पट वेळ लागत होता. तिसऱ्या दिवशी दुसरा पेड धरला. ऊन मोठं, वाख ओलसर, वास डोक्यात बसलेला. नवरा चाकावरून कोणाच्या तरी हरवलेल्या म्हशीची गोष्ट सांगत होता.

"एकोणचाळीस," ती मनात मोजत होती. "चाळीस."

एकेचाळिसाव्या पावलाला आतून पोराने लाथ मारली, थेट जठरावर. तोंडात आंबट आलं. तिने ओठ घट्ट मिटले. थांब म्हणायला तोंड उघडावं तर ओकारी वाखावर पडणार, आणि वाख खराब झाला की सासू दिवसभर हळहळणार. ती वळली, बाजूला वाकली, आणि ओकली. एक हात पेडावर होता, पण त्या हाताला काही कळत नव्हतं. तिकडे चाक फिरतच होतं, म्हैस अजून सापडायची होती.

ती सरळ झाली तेव्हा पेड हातातून निसटत बारीक झाला होता. पुढे दोन हात नुसता पिळलेला धागा, आणि मग एकदम गुठळी. असा तुकडा उसवून पुन्हा काढायचा असतो, म्हणजे मागे चाकापर्यंत सगळं सोडवायचं. अर्धा दिवस जाणार. तिने चाकाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. सासू सावलीत वाख विंचरत बसली होती.

"काय झालं गं?" सासूने विचारलं.

"उलटी, आई."

"होतं असं. तोंडावर पाणी मार आणि धर. मुलगा असेल बघ, त्रास देतोय म्हणजे."

तिने तोंडावर पाणी मारलं. मग त्या बारीक जागेवर वरून सैल वाख गुंडाळला, थुंकी लावून तळव्याने दाबला, आणि मागे सरकली. वरून पेड गुटगुटीत दिसत होता. आत पीळ नव्हता. बेचाळीस. त्रेचाळीस.

बाकीचा पेड नीट झाला. तिसराही झाला. पाचव्या दिवशी तिन्ही पेड एकत्र वळले, आणि तो बेचाळिसाव्या पावलाचा तुकडा दोन चांगल्या पेडांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसला. वळताना दोर आखडतो, शंभराचे सत्तर होतात. तो तुकडा आता नेमका कुठे आहे, हे तिलाही सांगता आलं नसतं. दोन पेडांवर माणूस तोलला जाईलही. कदाचित नाही जाणार. पाताळदादासारखा माणूस तर नाहीच, असं मन म्हणायचं, आणि लगेच म्हणायचं, कशावरून?

या घराची एक रीत होती. दोर झाला की पाठीमागच्या झाडाच्या आडव्या फांदीवर टाकायचा, आणि ज्याने पेड काढले त्याने स्वतः त्याला लटकायचं. हात-दोन हात पुढे सरकवायचा, पुन्हा लटकायचं. असा अख्खा दोर. सासू पन्नाशीपर्यंत लटकली होती. "हात खोटं बोलतील, फांदी बोलत नाही," ती म्हणायची. सून तीन वर्षं लटकत आली होती. मजा वाटायची तिला, झोका घेतल्यासारखी.

सहाव्या दिवशी सकाळी दोर फांदीवर पडला आणि ती सवयीने पुढे झाली. सगळे हसले.

"अगं ए! पोटुशीला कोण लटकवतं?" सासू म्हणाली. "यंदा तुला माफी."

"पण आई, पेड मी काढलेत."

"म्हणून काय पोर खाली पाडतेस? हा लटकेल."

"मला लटकू द्या," ती पुन्हा म्हणाली, आणि आवाज असा निघाला की नवऱ्याने चमकून पाहिलं. सासूने हात झटकला. पोटुशीचे हट्ट असतात, तसा हा एक.

नवरा लटकला. पाच ठिकाणी लटकला, अंग किडकिडीत, त्यात पाताळदादाचा माणूस दोर न्यायला दारात उभा. "लोखंड आहे लोखंड," असं म्हणून त्याने दोर उतरवला आणि गुंडाळून दिला. मोजपट्टीच्या पेडाला कोण कशाला तपासत बसतंय?

ती बघत उभी राहिली. आता बोलावं, असं तीनदा वाटलं. बोलायचं म्हणजे मी चोरी केली म्हणायचं. मला जमत नाही म्हणायचं. दोराचं वेटोळं त्या माणसाच्या खांद्यावर बसलं, फाटकाबाहेर गेलं, आणि तिचं तोंड मिटलेलंच राहिलं.

दिवसभर घास उतरला नाही. सासू म्हणाली, खा, दोघांचं खायचंय. रात्र डोळ्यांसमोरून गेली.

सातव्या दिवशी उजाडताच नवऱ्याने चाकाला तेल घालायला घेतलं. ती दारात आली, चप्पल न घालता. "अहो, दोर कच्चा आहे."

"काय?"

"मधे एक पेड पोकळ आहे. मी झाकलाय." एवढं बोलून ती चालू लागली. धावता येत नव्हतं. दोन्ही हातांनी पोट खालून धरून ती भराभर चालत होती, आणि नवरा हातातली तेलाची बुदली तशीच घेऊन मागून येत होता.

विहीर मळ्याच्या कडेला होती. वर कप्पी बसवलेली, दोर तिच्यातून ओवलेला, चार गडी दुसऱ्या टोकाला. पाताळदादाने मांड्यांखालून दोराची बैठक बांधली होती आणि एक पाय कठड्यापलीकडे टाकला होता.

"उतरू नका!" ती ओरडली. श्वास पुरला नाही, पुन्हा ओरडली.

पाताळदादा थबकला. "काय गं? घरी काही झालं?"

"दोर काढा. कच्चा आहे."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाताळदादाने नवऱ्याकडे पाहिलं. "तू लटकलास ना रे?"

"लटकलो, दादा. पण ही आत्ता म्हणते..."

"स्वप्न पडलं असेल," एक गडी म्हणाला. "माझ्या बायकोला सातव्यात घर पडताना दिसायचं. होतं असं या दिवसांत."

"मला स्वप्न नाही पडलं. मी केलंय ते."

"बरं बरं," पाताळदादा समजुतीने म्हणाला. लहान मुलाशी बोलावं तसं. "सावलीत बस. पाणी पी. मी तासाभरात वर येतो, मग बघू."

त्याने दुसरा पाय उचलला. तेव्हा तिने पुढे होऊन कप्पीखालचा दोर दोन्ही हातांनी धरला. "मी दाखवते. तोवर पाय अलीकडे घ्या."

"उगाच खोळंबा होईल हं बाई," पाताळदादा म्हणाला, पण पाय कठड्याअलीकडे घेतला. "दाखव."

गड्यांनी दोर ओढून जमिनीवर टाकला. ती मांडी घालून बसली आणि दोर बोटांतून सोडू लागली. एक हात, दोन हात, पाच हात. काही कळेना. लाकडाच्या बोटांनी चाचपावं तसं. सगळा दोर सारखाच. ती जिथपर्यंत आली होती तिथून परत गेली, पुन्हा चाचपलं. वर उभ्या माणसांची सावली तिच्या अंगावर पडली होती. कोणीतरी हसू दाबलं. नवरा हळूच म्हणाला, "अगं, चल घरी."

तिने दोर उचलला आणि खालच्या ओठाला लावला.

हसणं थांबलं. ती दोर ओठावरून सरकवू लागली, सावकाश, वीतवीतभर. वाखाची कुसळं ओठात घुसत होती. कुजका वास थेट नाकात. पहिल्या दहा हातांतच तिला ओकारी आली. तिने मान वळवली, तिथेच, सगळ्यांसमोर ओकली, पदराने तोंड पुसलं, आणि जिथे थांबली होती तिथून दोर पुन्हा ओठाला लावला. पीळ ओठावरून जात होता, एक उंचवटा, एक खळगा, एक उंचवटा. ओठांना सगळं कळत होतं. वीस हात. ओठ फाटला. पुन्हा ओकारी, आता नुसतं पिवळं पाणी. पाताळदादा म्हणाला, "राहू दे पोरी," पण आता त्याचा आवाज वेगळा होता.

उंचवटा, खळगा, उंचवटा. आणि मग एक उंचवटा दबला. शिळ्या फळासारखा मऊ.

"इथे," ती म्हणाली.

नवऱ्याने बुदली खाली ठेवली. दोन पेड बोटांनी उलगडून बाजूला केले आणि तिसरा उकलला. वरचा वाख हातात सुटून आला. आत सुतळीएवढा धागा होता. त्याने तो दोन बोटांनी ओढला. तुटायला जोरही लागला नाही.

पाताळदादाने आपल्या मांड्यांखालची बैठक सोडली आणि कठड्यापासून चार पावलं लांब जाऊन बसला. त्याचं पोट खालीवर होत होतं, पण हसत नव्हतं.

दोघांच्या मागून निघालेली सासू तेव्हा पोचली. गुडघ्यांवर हात देत देत आली होती. तिने वाकून तो पेड घेतला, चोळून बघितला. तिला सांगायची गरज नव्हती.

"कुठल्या दिवशी?"

"तिसऱ्या."

"उलटी झाली तेव्हा?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस गं? माणूस मेला असता!"

"बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता, आई?"

सासूने उत्तर द्यायला तोंड उघडलं. सगळ्यांनी वाट पाहिली. ती जे म्हणाली असती ते सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. तिने तोंड मिटलं.

"मला हे दिवस आवडत नाहीत," सून म्हणाली. ओठातून रक्त येत होतं, शब्द जाड निघत होते. "मला वास सहन होत नाही. माझे हात मेलेत. रोज सकाळी उठले की वाटतं, अजून किती. मी सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणता, होतं असं. होत असेल. पण मला होतंय ना!"

ती रडली नाही. रडायला अंगात पाणी उरलं नव्हतं.

पाताळदादा जागेवरून म्हणाला, "तुमच्या घरचा दोर म्हणून मी डोळे मिटून उतरत होतो. आता गावात काय सांगू?"

"झालं ते सांगा," सासू म्हणाली. तिने एका गड्याकडून कोयता मागून घेतला, दोर दगडावर धरला, आणि त्या जागी स्वतः तोडला. तीन पिढ्यांत त्या घरच्या कोणी वळलेला दोर तोडला नव्हता. पहिले दोन घाव वाया गेले. "सहा दिवसांनी दुसरा देते."

"काढणार कोण?"

सासूने लेकाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वाटेवर वेगळंच चित्र होतं. पाटावर, चाकाशी, सून बसली होती, पाठीला उशी, शेजारी ओकायला घमेलं. आणि वाखाचं वेटोळं कमरेला बांधून नवरा उलट्या पावलांनी मागे जात होता. सासू काठी टेकत त्याच्या बाजूने चालत होती आणि दर दोन पावलांना त्याच्या हातावर चापट मारत होती.

"जाड! पुन्हा जाड! पेड काढतोस की साप गिळतोस?"

"आई, कंबर धरली. आणि वास काय येतो गं हा!"

"वास? तीन पिढ्या येतोय. आज कळला का तुला?"

पहिल्याच दिवशी तो मोजायला विसरून उकिरड्यात जाऊन बसला. एक पेड चार वेळा उसवला. बोटांना फोड आले, ते त्याने बायकोला दाखवले. तिने बघितले आणि म्हणाली, "होतं असं." दोघंही क्षणभर हसले, तो जास्त, ती कमी. मग तिला घमेलं जवळ ओढावं लागलं.

सहाव्या दिवशी पाताळदादा स्वतः आला आणि फांदीखाली खाट टाकून बसला. नवरा हात-दोन हात सरकवत अख्खा दोर लटकला. दुपार झाली. दोर चांगला नव्हता, गाठाळ होता, मोजपट्टीने काढलेला तर मुळीच वाटत नव्हता, पण कच्चा कुठेही नव्हता. पाताळदादाने तो खांद्यावर घेतला. जाताना सुनेला काहीतरी बोलावं म्हणून थांबला, मजा आहे म्हणणार होता बहुतेक, आणि नुसती मान हलवून गेला.

शिंपीणकाकू कुंपणावरून डोकावली. "काय गं, राणीसारखी बसलीस! कशी आहेस? बरं वाटतंय ना आता?"

सुनेने मूठ फिरवायची थांबवली. हात तसेच मेलेले होते, पाय तसेच सुजलेले. आत पोर लाथा मारत होतं आणि तिला त्याचं अजून काही कौतुक वाटत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "वाईट वाटतंय."

काकू हसायला लागली. सासू वाख विंचरत होती. तिने फणी खाली ठेवली आणि कुंपणाकडे पाहिलं.

"हसतेस काय? ऐकलंस ना, वाईट वाटतंय तिला," ती म्हणाली. "अजून तीन महिने वाटणार आहे. उद्या येशील तेव्हा रिकाम्या हाताने येऊ नकोस. हा वाख ने, आणि विंचरून आण."